मुलांच्या हाती जादूच्या कादंबऱ्या : द्याव्या का, आणि कोणत्या? (नागपूर वाचनकट्टा)

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

त्रिमूर्तीनगरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. वयं नऊ ते चौदा. निम्मी मुलं मराठी माध्यमाची, निम्मी इंग्रजी. उन्हाळ्याच्या सुट्टीत काय वाचायचं हे मुलांनाच ठरवायला सांगितलं होतं. त्यांनी एकमुखानं सांगितलं, जादूच्या कादंबऱ्या. मला मनापासून आनंद झाला, कारण ह्या वयात मोठी पुस्तकं हातात धरायला लावणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

पण एका मुलीच्या आजोबांनी येऊन शांतपणे विचारलं, "श्याम मानवांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती ज्या नागपुरातून काम करते, त्याच नागपुरात तुम्ही मुलांना मंत्र, चेटकिणी आणि शाप वाचायला देणार?" ते भांडायला आले नव्हते, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे. आमच्या चौकात आजही अमावास्येला उतारा टाकलेला दिसतो, मुलं तो ओलांडताना बिचकतात. त्यामुळे प्रश्न हवेतला नाही.

माझं मत पुस्तकं द्यावीत असंच आहे. पण कोणती द्यायची आणि कोणती थांबवायची ह्याला काही कसोटी असेल का? मराठीत मिळणारी असली तर उत्तम. नागपूरकरांनी आणि बाहेरच्यांनीही लिहावं.

रातकिडा

छान धागा, वाचनखूण साठवली.

कसोटी विचारलीत म्हणून सांगते. मी बारा वर्षांची असल्यापासून हेच वाचत आलेय आणि पुस्तक हातात आलं की एकच गोष्ट बघते : ह्या जादूची किंमत कोण मोजतं? किंमत नसेल तर ते पुस्तक मुलं गंमत म्हणून वाचतात आणि विसरतात. किंमत असेल तर ती विचार करायला लागतात.

अर्सुला ले ग्विनची अर्थसी मालिका घ्या. पहिलं पुस्तक १९६८ चं. गेड नावाचा तांबूस-तपकिरी कातडीचा, शेळ्या राखणारा पोरगा. त्याच्यात ताकद प्रचंड आणि अहंकारही तेवढाच. शाळेतल्या एका मुलाशी पैज लागते म्हणून तो मेलेल्या व्यक्तीला बोलवायला जातो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. ती फट बुजवताना शाळेचा म्हातारा मुख्य जादूगार जीव गमावतो. पुढचं अख्खं पुस्तक गेड त्या सावलीपासून पळतो आणि मग तिच्या मागे लागतो. त्या शाळेत पहिल्यापासून शिकवतात की एका बेटावर मंत्रानं पाऊस पाडलात तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, म्हणून खरा जाणता जादूगार शक्यतो जादू करतच नाही. गेडचा पहिला गुरू ओजियन पावसात भिजत झाडाखाली बसतो, पण पाऊस हटवत नाही. बारा वर्षांच्या मुलाला त्याचा राग येतो, गेडलाही येतो. तो राग का येतो ह्यावर कट्ट्यावर तासभर बोलता येईल.

दुसरं, मिखाएल एंडेची 'नेव्हरएंडिंग स्टोरी' (मूळ जर्मन, १९७९). बास्टियन नावाचा मुलगा पुस्तकातल्या जगात जातो, तिथे त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होते, आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची घरची एकेक आठवण पुसली जाते. शेवटी तो स्वतःचं नावही विसरतो. मूळ पुस्तक दोन रंगांत छापलं होतं, आपलं जग एका शाईत आणि ते जग दुसऱ्या. अशी प्रत मिळाली तर मुलांना नक्की दाखवा, पान उलटताना शाई बदलली की ती एकदम सावरून बसतात.

दोन_पोट्ट्यांची_आई

रातकिडा, सुंदर लिहिलंय. पण ताई, माझ्या मुलासारखी मराठी माध्यमाची मुलं अर्थसी कुठून वाचणार? मी मराठीत काय मिळतं ते सांगते.

हॅरी पॉटर मराठीत आहे, 'हॅरी पॉटर आणि परीस' हे पहिलं. आम्ही ते घरी जेवणानंतर मोठ्यानं वाचलं, कूलरच्या आवाजावर आवाज काढून. मुलगा दहाचा, मुलगी तेराची. सुरुवातीला नावं जड जातात, दोन-तीन प्रकरणांनंतर मुलं आपापसांत तीच नावं घेऊन भांडायला लागतात. हॉबिटही मराठीत आलंय, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिकांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' नावानं आहे. तो मात्र चौदाच्या पुढे द्या, भूगोलच इतका आहे की लहान मुलं नकाशात हरवतात.

किमतीबद्दल बोलायचं तर माझ्या मुलीनं हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात नेमकं तेच पकडलं. हॅरी, रॉन आणि हर्मायनी तंबूत उपाशी आहेत आणि एवढ्या मोठ्या जादूगारांना पोटापुरतं अन्न शून्यातून काढता येत नाही, नियमच आहे तसा. असलेलं वाढवता येतं, दुसरीकडचं बोलावता येतं, नसलेलं बनवता येत नाही. ती म्हणाली, "आई, म्हणजे ह्यांनापण किराणा लागतो." त्या दिवसापासून ती प्रत्येक पुस्तकात नियम शोधते.

वयाचं सांगायचं तर पहिली तीन नऊ-दहाच्या मुलांना चालतात. चौथ्यात एका चांगल्या मुलाचा मृत्यू होतो आणि तिथून पुढे सगळंच गडद होत जातं. चौथं पुस्तक मुलांबरोबर बसून वाचावं.

स्पष्टवक्ता

मी त्या आजोबांच्या बाजूनं लिहितो, कारण इथे सगळे एका सुरात बोलताहेत.

तेरा वर्षांच्या मुलीला नियम दिसतात, मान्य. नऊ वर्षांच्या मुलाला दिसतात का? माझा भाचा गावी गेला की संध्याकाळनंतर शेताकडे जात नाही, कारण तिथे चकवा लागतो असं त्याला सांगितलंय. त्याच्या डोक्यात चकवा, भूत आणि पुस्तकातला राक्षस एकाच खोलीत राहतात. त्यात तुम्ही आणखी दहा घालणार. नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत की, कल्पनाशक्तीला तेवढं खाद्य पुरेसं नाही का?

जुना_कार्यकर्ता

मी रामटेक, मौदा, उमरेड ह्या भागांत शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग दाखवत फिरलेला माणूस आहे. म्हणून माझं मत लिहितो.

लिंबातून रक्त काढण्याचा प्रयोग असा : सुरीच्या पात्यावर मिथाईल ऑरेंजचं द्रावण लावून वाळवायचं. पातं जरा पिवळट दिसतं, पण गर्दीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. लिंबू कापलं की आम्लामुळे रस लालभडक होतो. मंत्रानं होम पेटवायचा तर राखेखाली पोटॅशियम परमँगनेट आणि वरून 'तूप' म्हणून ग्लिसरीन. थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात मंत्र म्हणायचा.

आता मुलांचं सांगतो. प्रयोग संपला की बहुतेक वर्ग टाळ्या वाजवतो. पण एखादं मूल उठून म्हणतं, "सर, माझ्या कंपासमधल्या ब्लेडनं कापून दाखवा." आम्ही त्याच मुलाची वाट बघत असायचो. ते मूल कुठून तयार होतं ह्याचा मी खूप विचार केला आहे. विज्ञानाचं पुस्तक पाठ असलेली कितीतरी मुलं गप्प बसलेली पाहिली. प्रश्न विचारणाऱ्या मुलांशी नंतर बोललो तर बऱ्याचदा कळायचं की घरी कुणीतरी गोष्टी सांगतं आणि मुलानं मध्ये तोंड घातलं तर रागावत नाही. गोष्ट ऐकणारं मूल सतत विचारत असतं, मग त्यानं असं का नाही केलं? तसं केलं असतं तर? तीच सवय बुवासमोर कामी येते.

स्पष्टवक्ता, भाच्याला चकवा पुस्तकातून लागलेला नाही. तो त्याला मोठ्या माणसांनी खरा म्हणून सांगितला आहे. फरक तिथे आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच लिहिलेलं असतं की ही कादंबरी आहे. बुवा कधी तसं लिहीत नाही. आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही गोष्टींविरुद्ध नाही. चमत्काराचा दावा करून लुबाडणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, ह्यांच्याविरुद्ध तो आहे. परीकथा वाचणं त्यात कुठेच बसत नाही.

रातकिडा ह्यांची किमतीची कसोटी मला फार पटली. बुवाच्या जादूत किंमत नेहमी दुसराच मोजतो. चांगल्या कादंबरीत ती जादू करणाऱ्याला स्वतःला मोजावी लागते.

रातकिडा

काका, शेवटची दोन वाक्यं मी वहीत उतरवून घेतली.

स्पष्टवक्ता, नारळीकर द्याच. पण ते 'ऐवजी' का? मुलं दोन्ही वाचतात आणि दोन्हींत वेगळं शोधतात.

धंतोलीकर

आयुष्यभर संस्कृत शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण सगळे विक्रम-वेताळ 'चांदोबा'तून शिकलो. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला आणि दर महिन्याला राजा खांद्यावर प्रेत घेऊन निघायचा. पण मासिकात ती चौकट कायम चालू राहायची, त्यामुळे शेवट काय होतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. तो शेवट सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेला ग्रंथ, पण वेताळाची गोष्ट घडते आपल्या गोदावरीकाठी, प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणला. मराठीत त्याचा अनुवाद मिळतो.

राजा त्रिविक्रमसेनाकडे, म्हणजे आपल्या विक्रमाकडे, क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज येऊन एक फळ देतो. राजा ते कोषाध्यक्षाकडे सोपवतो, तो खिडकीतून आत फेकून देतो. एके दिवशी एक माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. कोठार उघडून बघतात तर फळं सडून गेलेली आणि खाली रत्नांचा ढीग. आता राजा उपकाराखाली आला. भिक्षू म्हणतो, एक अनुष्ठान आहे, वीर पुरुषाची मदत हवी. अमावास्येच्या आदल्या रात्री स्मशानात ये आणि शिंशपा वृक्षावर टांगलेलं प्रेत मला आणून दे.

पुढे वेताळाचा नियम तुम्हाला माहीत आहे. तोंड उघडलंस तर मी परत झाडावर, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. राजा बोलत जातो, प्रेत निसटत जातं. अखेरच्या कोड्याचं उत्तर मात्र राजाला खरोखरच सुचत नाही आणि तो गप्प चालत राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन सांगतो : तो भिक्षू भोंदू आहे, तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालायची सवय नाही, आधी तू घालून दाखव.

राजा तसंच म्हणतो. भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचं मस्तक उडवतो.

आता जुना कार्यकर्ता ह्यांच्या वर्गातलं ते मूल आठवा, 'माझ्या ब्लेडनं कापून दाखवा' म्हणणारं. आपल्या ह्या जुन्या जादूच्या गोष्टीत राजाचा जीव 'आधी तू करून दाखव' एवढ्याच प्रश्नानं वाचतो. पिंपळपान, त्या आजोबांना ही गोष्ट शेवटासह सांगा. आणि कट्ट्यावर मुलांना सांगताना फळांच्या कोठाराशी थांबा, ते फळ रोज का येत असेल ह्याचा अंदाज त्यांना बांधू द्या.

एक सूचना. मूळ ग्रंथ लहान मुलांच्या हाती सरसकट देऊ नका, त्यात शृंगार आणि क्रौर्य दोन्ही भरपूर आहे. आपण वाचून, निवडून सांगावं.

अवांतर : ह्या ग्रंथाचं मूळ मानली जाते ती गुणाढ्याची पैशाची भाषेतली 'बृहत्कथा'. सोमदेव सांगतो की सात लाख श्लोकांचा तो ग्रंथ सातवाहन राजानं नाकारला, तेव्हा गुणाढ्य अरण्यात गेला, अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवलं आणि जाळत गेला. हरणं, रानडुकरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. इकडे राजवाड्यात राजा आजारी, कारण स्वयंपाकघरात येणारं मांसच वाळकं. चौकशी करता करता राजा अरण्यात पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. कट्ट्याची सुरुवात ह्या गोष्टीनं करायला हरकत नाही.

वऱ्हाडी_बाणा

काय राजेहो, धंतोलीकर काका, मी हे हापिसात वाचून राह्यलो आन् काम तसंच पडून हाय.

मले एक गोष्ट बोलायची हाय. हे सगळं इंग्लंड, जर्मनी, काश्मीर झालं. आपल्या नागपुरात काय कमी हाय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आन् पिवळी, बांबूच्या कामट्या आन् कागदाच्या एवढ्या मोठ्या बाया, नेहरू पुतळ्यापाशी भेटतात आन् अख्खं इतवारी वरडते, "इडा, पिडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!" त्याच दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात. संगं बडगे, म्हणजे पुतळे, निघतात महागाईचे, भ्रष्टाचाराचे. एखाद्या पोट्टीनं खिडकीतून पाह्यलं आन् पिवळ्या मारबतीनं तिच्याकडं मान वळवली, तं? लिहा ना कोणी! दोनशे पानं सहज होतात. मराठीत मोठ्या पोट्ट्यांसाठी अशी कादंबरी काहून नाही, हे मले खरंच खटकते.

दोन_पोट्ट्यांची_आई

+१. मराठीत रत्नाकर मतकरींची 'अलबत्त्या गलबत्त्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' आहेत, पण ती नाटकं, आणि वय लहान. विंदांचा 'एटू लोकांचा देश' आहे, त्या कविता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ते साहस. दहा ते चौदा वयासाठी, मराठी गावात घडणारी, जाडजूड, भाग एक-भाग दोन अशी जादूची कादंबरी मागितली की दुकानदार अनुवादच काढून देतो. मुलं वाट बघत नाहीत हो, ती इंग्रजीकडे निघून जातात आणि मग आपण म्हणतो मराठी वाचत नाहीत.

गोंदियाकर

मारबतीची कल्पना मस्त आहे. लिहिणाऱ्यांसाठी एक विनंती करून ठेवतो.

ह्या भागातलं काही शोधायचं म्हटलं की लोक लगेच गोंडी कथांकडे वळतात. आमच्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत, माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून कोया, म्हणजे गोंड, समाज जमतो. त्यांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो, माता जंगो रायताड, गुहेत कोंडलेली मुलं आणि त्यांची सुटका, ही कथा इतकी जबरदस्त आहे की कुणालाही मोह होईल. पण तो लोकांचा जिवंत धर्म आहे. राक्षस आणि परीच्या रांगेत लिंगोला बसवू नका. लिहायचंच असेल तर त्या समाजातल्या लेखकानं लिहावं, किंवा निदान त्यांच्याबरोबर बसून लिहावं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता हे ह्या शहरातल्या किती मुलांना माहीत आहे? तिथून सुरुवात करा.

रातकिडा

गोंदियाकर, पूर्ण सहमत. ले ग्विनच्या गेडला टीव्ही मालिकेत गोरा केला तेव्हा ती जाहीरपणे संतापली होती. गोष्ट कुणाची आहे हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

पिंपळपान, मी आधी सांगायला हवं असं एक पुस्तक आता सांगते, कारण ते नागपूरच्या मुलांसाठीच लिहिलंय असं वाटतं. एंडेचंच 'मोमो', १९७३. करड्या कपड्यातली माणसं शहरात येतात आणि लोकांना हिशेब मांडून दाखवतात की तुम्ही किती सेकंद वाया घालवता : आईशी बोलण्यात इतके, मित्रांत इतके, खिडकीत बसून विचार करण्यात इतके. वाचवा, आमच्या बँकेत ठेवा. लोक वेळ वाचवायला लागतात आणि मुलांशी खेळायला कुणालाच सवड उरत नाही. ती माणसं चोरलेल्या वेळाच्या सिगार ओढून जगतात, सिगार विझली की नाहीशी होतात. त्यांच्याविरुद्ध उभी राहते एक अनाथ मुलगी, जिला फक्त नीट ऐकता येतं, आणि एक कासव, ज्याला पुढचा अर्धा तास आधी दिसतो. सातवीपासून फाउंडेशन कोर्सला सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्या मुलांपुढे न्हाव्याच्या दुकानातला तो हिशेबाचा प्रसंग वाचून दाखवा आणि मग काही बोलू नका, मुलंच बोलतील.

इंग्रजी प्रत घेऊन तोंडी मराठीत सांगत गेलं तरी चालतं, वाक्यं सोपी आहेत.

स्पष्टवक्ता

धंतोलीकरांचा शेवट भाच्याला फोनवर सांगितला. त्यानं विचारलं, "मामा, चकव्याला कोणी म्हटलंय का, आधी तू दिसून दाखव?"

नऊ वर्षांच्या मुलांबद्दल माझं म्हणणं मात्र कायम आहे. त्यांना एकट्यानं वाचायला देऊ नका, सोबत बसा.

जुना_कार्यकर्ता

सोबत बसण्याचं शंभर टक्के मान्य. भाच्याला पाठवा, लिंबू मी आणतो.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना वेताळाचा शेवट सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकला, मग म्हणाले, "मी येऊन बसेन, पण मुलांना प्रश्न विचारू द्याल ना?" तीच तर अट आहे आमची.

आता ठरलंय ते असं. पहिल्या रविवारी गुणाढ्य आणि वेताळ, धंतोलीकर सर स्वतः येऊन सांगणार आहेत. त्याच दिवशी जुना कार्यकर्ता काकांचे प्रयोग, सुरी मुलांनी घरून आणायची (पालकांसोबत). मग तीन रविवार 'मोमो', मोठ्यांदा. 'परीस' ज्याला त्याला घरी वाचायला, आणि नियमांची एक सामायिक वही : ह्या जगात काय करता येत नाही आणि किंमत कोण मोजतं, एवढंच त्यात लिहायचं. अर्थसी तेरा-चौदाच्या मुलांना, रातकिडाताई तो गट घेणार का?

मारबतीची कादंबरी मुलं स्वतःच लिहायला बसणार आहेत, पोळ्याच्या आधी पहिलं प्रकरण इथे टाकेन. वऱ्हाडी_बाणा, पिवळीनं मान वळवली हे त्यांना फार आवडलं, पण तिनं मान वळवल्यावर खिडकीतल्या मुलीला काय द्यावं लागतं ह्यावरून सध्या दोन गट पडलेत.

रातकिडा

घेते गट. 'मोमो'च्या दोन प्रती माझ्याकडे आहेत, शनिवारी सीताबर्डीवर कुणी भेटणार असेल तर देते.